दगडाला वळसा

त्या वर्षी आमच्या घरात प्रत्येक जण दादाच्या उजव्या बाजूला बसायला धडपडायचा. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं. सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत बॉक्सिंग खेळताना एक ठोसा कानावर बसला, पडदा फाटला आणि आत आणखीही काहीतरी बिघडलं. त्या बिघाडाचं नाव लष्करी डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलं होतं आणि तो कागद आईनं देव्हाऱ्याखालच्या फळीवर पंचांगाच्या खाली ठेवून दिला होता. शिक्षणाची तीन वर्षं पूर्ण व्हायला दीड महिना उरला असताना दादाला घरी पाठवलं. काळी ट्रंक घेऊन तो रिक्षातून उतरला तेव्हा आई पिठलं हाटत होती. ती पळी घेऊनच अंगणात आली आणि म्हणाली, "सुट्टी हाय का रं?" तो म्हणाला, "हो, सुट्टीच." पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. ते आम्ही तसंच खाल्लं.

दादाही पक्का होता. जेवायला बसताना तो उजवा कान भिंतीला चिकटवून बसायचा. मग त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये आम्ही काय पाली होऊन घुसणार? आई वाढता वाढता दोनदा विचारायची, "भाकरी देऊ?" आणि तिसऱ्यांदा न विचारताच ताटात टाकायची. घरातले बाकीचे आवाज मात्र होते तसेच होते. पहाटे हापशाचा दांडा कुरकुरायचा, आईचा पाटा-वरवंटा घासत असायचा, शेजारच्या गोठ्यात म्हशी साखळ्या ओढायच्या, आणि आमचे वडील, अण्णा, रंगाचे ब्रश रॉकेलच्या डब्यात खळखळ धुवायचे. तेव्हाचं वारजं म्हणजे खरोखर गाव होतं. आज त्याच जागेवरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे, आणि खिडकी उघडली की हायवेखेरीज कुठलाच आवाज वेगळा ऐकू येत नाही.

मला त्या वर्षी काही वाटत नव्हतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही आणि माफी मागण्यासाठीही नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, मैत्रिणी सिनेमाला रडायच्या आणि मी त्यांच्याकडे बघत बसायचे. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटायला लागतो, तसं आमचं सगळं घर झालं होतं. दुखत नव्हतं. दुखेल म्हणून आम्ही कुणी हातही लावत नव्हतो.

आईचं मात्र एक मागणं होतं, आणि तिनं ते मला एकदा ज्वारी निवडता निवडता सांगितलं. शेजारपाजारचे दादाला विचारायचे, "काय करतोस हल्ली?" तो म्हणायचा, "काही नाही." "मग एवढे दिवस कुठे होतास?" तर म्हणायचा, "इथेच." पुढे मामानं एका कारखान्यातल्या नोकरीचा अर्ज आणून दिला. दादानं तो भरला. बारावीपर्यंतचं सगळं लिहिलं आणि नंतरच्या तीन वर्षांची जागा कोरी सोडली. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण कोरी जागा कुणालाही वाचता येते. तिनं मला अर्ज दाखवून विचारलं, "हितं काय लिवायचं हुतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी लागू दे न्हाईतर न लागू दे. पन त्यानं एकदा तोंडानं म्हनावं, मी तिथं हुतो. तीन वर्सं मी रोज देवाफुडं दिवा लावला त्यो काय कोऱ्या जागंसाठी?" एवढंच तिला हवं होतं. मी मान हलवली आणि ज्वारीतले खडे बाजूला काढत राहिले.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा मूळचे सदाशिव पेठेतले, म्हणजे बोलायला कमी आणि टोमण्याला तयार. आईच्या माहेरच्यांनी वारज्यात जागा दिली म्हणून आम्ही तिथे राहायचो, आणि पेठेतले त्यांचे भाऊ त्यांना आयुष्यभर घरजावई म्हणत राहिले. अण्णा त्यावर म्हणायचे, "जावई तरी आहे. तुम्ही भाडेकरू." बुधवार पेठेत एका रेडिओच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची पेंटिंगची जागा होती. दुकानांच्या पाट्या, दातांच्या दवाखान्याचे बोर्ड, तालमीतले मारुती, शाळांतले पुढारी, सगळं ते काढायचे. त्यांचे सगळे पुढारी एकमेकांचे सख्खे भाऊ दिसायचे, पण अक्षर असं होतं की लोक नुसतं बघायला थांबायचे. त्या अक्षरामुळेच अकादमीचं काम त्यांच्याकडे आलं होतं. तिथल्या हॉलमध्ये लाकडी फलक असतात आणि दर वर्षी त्यांवर सोनेरी रंगात मानकरी मुलांची नावं चढतात. ती नावं वर्षानुवर्षं अण्णांनी लिहिली. दादा लहान असताना सुट्टीत त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून तिथे जायचा आणि त्यातूनच त्याच्या डोक्यात सैन्यात जायचं शिरलं. आपल्या मुलाचं नाव एक दिवस आपण आपल्या हातानं लिहू, असं अण्णांना वाटत असणार. ते तसं कधी म्हणाले नाहीत. मी आपलं धरून चालते.

दादा घरी आल्यावर चार-पाच महिन्यांनी अकादमीचं पत्र आलं. त्यांचा मोठा समारंभ होता आणि त्यांना हॉलमध्ये लावायला एक भव्य चित्र हवं होतं. अकादमीची सगळी परंपरा त्यात दिसावी: दगडी इमारत, मागचा डोंगर, घोडदळ, बँड, जुने शिक्षक, धारातीर्थी पडलेल्यांचं स्मारक, आणि सगळ्यांच्या पुढे शेवटच्या दिवशी मैदानातून बाहेर पडणारा एक तरुण. आईनं पत्रातलं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, नगा घेऊ हे काम." अण्णा म्हणाले, "मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल. तो घोड्याला पाच पाय काढेल." तिकडचा अण्णांच्या ओळखीचा कारकून बदलून गेला होता. मुलाचं काय झालं हे नव्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि अण्णांनी सांगितलं नाही.

घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे बारा फूट लांब आणि सहा फूट उंच कॅनव्हास ताणून उभा केला. पंचाईत अशी की दादानं आपली खाट आधीच त्या शेडमध्ये टाकलेली होती. अण्णांना वाटलं तो खाट हलवेल. तो हलला नाही. मग अण्णांनी खाटेच्या पायथ्याशीच शिडी लावली. त्यांनी कॅनव्हासवर दोरीला काव फासून चौकोन पाडले, कागदावरचं छोटं चित्र एकेका चौकोनातून मोठं करत नेलं, आणि दादा कुशीवर पडून ते बघत राहिला. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांच्या वासानं आमच्या भाताला, केसांना, माझ्या वह्यांना, सगळ्यांनाच त्या चित्राची चव लागली. मी दुपारी चहा घेऊन जायचे तेव्हा एक माणूस शिडीवर आणि एक खाटेवर, आणि मध्ये अख्खी अकादमी. मी कप ठेवून यायचे.

चित्र चांगलं होत होतं. घोडे तर अण्णांनी आयुष्यात काढले नव्हते इतके सुरेख काढले. पुढच्या तरुणाचा चेहरा टोपीच्या सावलीत ठेवला होता, कारण कुणा एकाचा चेहरा नको असं पत्रातच लिहिलं होतं. आई रोज एकदा येऊन त्या सावलीत निरखून बघायची आणि परत जायची. त्या तरुणाच्या पायाखाली एक काळा दगड होता. अकादमीतून आलेल्या फोटोंमध्ये तो दगड दिसत होता, पण फोटो लांबून काढलेले, त्यामुळे पाय नेमका कुठे पडतो ते कळत नव्हतं. शेवटच्या दिवशी मुलं तो दगड पार करून बाहेर पडतात एवढं पत्रात होतं. अण्णांनी ते वाचलं आणि एखादा मराठी माणूस काढेल तसंच काढलं. तरुणानं पाय चांगला उचलून दगडाच्या पलीकडे टाकला होता. दगडाला त्याचा बूट कुठेच लागत नव्हता.

चित्र बघायला अकादमीतून एक सुभेदार आले. साताऱ्याकडचे होते, बोलताना तोंडात लवंग घोळवायचे. कुणी न सांगता बूट शेडबाहेर काढून ते आत आले आणि बराच वेळ चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले. आई चहाचा ट्रे घेऊन दारात, मी तिच्या मागे, दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून.

"पेंटरसाहेब, घोडी झ्याक काढल्यात," ते म्हणाले. "डोंगर बी तसाच. पन पाय चुकलाय."

"कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"ह्या पोराचा. ह्यो दगड वलांडून चाललाय. आपन उंबरा वलांडतो तसा."

"मग? उंबऱ्यावर पाय देतात का कुणी?"

"त्यो उंबरा न्हाई ओ." सुभेदार चित्राच्या जवळ गेले, पण त्यांनी बोट लावलं नाही. "तीन वर्सं पोरं त्या दगडाला शिवत न्हाईत. जाताना वळसा, येताना वळसा. पाऊस असू द्या, अंगात ताप असू द्या, दगड आला की वळसा. चुकून शिवला की मैदानाला फेऱ्या. आन शेवटच्या दिवशी त्याच दगडावर पाय ठिवायचा, टाच वाजली पायजे. पाय पडला की ऑफिसर. तुमच्या चित्रात ह्यो गडी ऑफिसर झालाच न्हाई. नुसताच भाईर पडलाय."

आईनं ट्रे माझ्याकडे दिला आणि ती घरात निघून गेली. सुभेदारांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यांनी चहा घेतला, पंधरा दिवसांत पाय नीट करून द्या म्हणाले, दारात बसून बुटांच्या नाड्या बांधल्या आणि गेले.

अण्णा स्टुलावर बसले. शिडीवरून पडले असते तरी इतके दमलेले दिसले नसते. मग ते उठून खाटेच्या उजव्या बाजूला, भिंतीच्या फटीत, कसेबसे जाऊन उभे राहिले.

"तुला माहीत होतं?"

"हो," दादा म्हणाला.

"कधीपासून?"

"पेन्सिलीत होतं तेव्हापासून."

"आणि तू बोलला नाहीस."

दादा उठून बसला. किती तरी महिन्यांनी मी त्याला अण्णांच्या तोंडाकडे बघताना पाहिलं. तो म्हणाला, "बरं वाटत होतं, अण्णा. त्यानंही पाय ठेवला नाही, म्हणून बरं वाटत होतं. दिवसभर त्याच्याकडे बघत पडायचो."

अण्णा म्हणाले, "छान." मग त्यांनी सगळे ब्रश धुतले, धुतलेले होते तेसुद्धा. सगळं आवरून झाल्यावर म्हणाले, "उद्या उभा राहा. पाय काढायला पाय लागतो."

"मी नाही ठेवणार. मला तो हक्क नाही."

"अरे, इथे कुठे आलाय तो दगड? दोन विटा ठेवतो."

"विटा ठेवा नाहीतर काही ठेवा. अकादमीच्या बुटानं नाही ठेवणार."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण इतकं सलग तो त्या वर्षात पहिल्यांदाच बोलला होता. आज विचार करते तेव्हा त्याचं ते 'बरं वाटत होतं' मला सगळ्यांत जास्त लागतं. तेव्हा लागलं नाही. तेव्हा मला फक्त चहाचे कप विसळायचे होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी विटा ठेवून स्वतःचाच पाय आरशात बघून काढायचा प्रयत्न केला. अण्णांचा पाय म्हणजे चप्पल घालून तीस वर्षं शिडीवर चढलेला पाय. बोटं पसरलेली, टाच फाटलेली. कागदावर तो सैनिकाचा न दिसता भाजीवाल्याचा दिसत होता. दोन-तीन कागद फाडून झाल्यावर घरातून दगड घासटल्याचा आवाज आला. आई स्वयंपाकघरातला पाटा उभा करून, एकेका कोपऱ्यावर ढकलत घेऊन येत होती. तो पाटा तिच्या आईकडून आलेला होता. त्याला चुकून पाय लागला तर आम्हाला वाकून नमस्कार करायला लागायचा, आणि लहानपणी मी तो इतक्यांदा केला होता की पाट्याची मला भीतीच बसली होती. तिनं तो चित्रासमोर आडवा केला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "हा घ्या. काळा दगड हाय, तसाच. चार दिस ह्यो पाटा न्हाई."

मग दादाकडे वळून ती म्हणाली, "ठेव पाय."

"आई, पाट्याला पाय?"

"पाटा माझा हाय. पाप लागलं तर मला लागंल. ठेव तू."

दादा पाट्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता ठेवेल. तिनं एवढं केल्यावर कुणीही ठेवला असता. तो म्हणाला, "नको, आई," आणि पुन्हा आडवा झाला. आई तशीच उभी होती. तिनं ते ओझं एकटीनं ढकलत आणलं होतं आणि कुणी काही करत नव्हतं. मी म्हणाले, "मी ठेवते."

मला कुणाची दया आली होती असं नाही. काही तरी करून हे संपवावं इतकंच वाटलं. मी दादाची काळी ट्रंक उघडली. कपड्यांच्या मधे डांबराच्या गोळ्या होत्या, सगळ्यांत वर बूट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मी दोन जोड मोजे घातले, पुढे चिंध्या कोंबल्या, दादाची पँट कमरेला अण्णांच्या सुतळीनं आवळली आणि पाट्यासमोर उभी राहिले. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागदाकडे वळले. "हनुवटी नको वर करूस," म्हणाले, "मी फक्त गुडघ्याखालचं काढतोय."

पाट्यावर मी आधी पंजा टेकवला, मग हळूच टाच, ओल्या फरशीवर चालतात तशी. अण्णा काढायचे, पुसायचे. असं तासभर चाललं असेल. मग खाटेवरून आवाज आला, "टाच आधी." मी पुन्हा केलं. "टाच. पंजा नाही. आणि घाबरू नकोस, तो दगड आहे." मी पुन्हा केलं आणि तोल गेला. तेव्हा तो उठला. त्यानं माझा घोटा धरला, पाऊल उचललं, कुठे थांबवायचं ते दाखवलं, गुडघा मागे ढकलला. मग तो माझ्यापासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला आणि त्यानं हुकूम सोडला, "धीरे चल!" पत्र्याची शेड घुमली. बाहेरच्या कोंबड्या उधळल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली, कुणाला काय झालं बघायला.

चार दिवस हे चाललं. तो हुकूम द्यायचा, मी चालायचे, माझी टाच पाट्यावर वाजायची, अण्णा काढायचे. माझ्या पायाला फोड आले. आईनं चार दिवस चटणी वाटली नाही. पाचव्या दिवशी तिनं पाटा चिंचेनं घासला, हळद-कुंकू वाहिलं आणि लसूण-खोबऱ्याची चटणी वाटली, ती चार दिवसांच्या खंडानंतर आम्हाला अर्थातच जरा जास्तच चांगली लागली. आता त्या मैदानावरून मुलीही चालतात. टीव्हीवर दाखवतात तेव्हा घरातले सगळे त्यांचे चेहरे बघतात आणि मी पाय. पुढे अठ्ठावीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, पण माझ्या हातचं काही कुठल्या भिंतीवर लागलेलं नाही. माझा डावा पाय मात्र तिथे आहे, कुणाला न विचारता, दुसऱ्याच्या बुटात.

पाय झाला आणि दादा पुन्हा गप्प झाला. आईनं दोन दिवस वाट पाहिली. मग तिनं त्याच्या ताटात भाकरी टाकता टाकता म्हटलं, "आता त्यो अर्ज नीट भर." तो म्हणाला, "आई, शेडमध्ये मी फक्त बूट कसा पडतो त्याबद्दल बोललो. माझ्याबद्दल काही बोललो नाही." कोरी जागा कोरीच राहिली. मामा येऊन अर्ज तसाच घेऊन गेला. त्या दिवशी संध्याकाळी आई देवापुढचा दिवा लावायला विसरली. माझ्या आठवणीत असं तेव्हाच एकदा झालं.

चित्र पोचवायचा दिवस आला. टेम्पो ठरवला. एवढं मोठं चित्र लावायला माणसं हवीत म्हणून अण्णांनी दादाला सांगितलं, "हमाल म्हणून चल. बाकी कुणी काही म्हणणार नाही." तो रंगाचे डाग पडलेला सदरा घालून, डोक्याला फडकं बांधून आला. आईला चित्र भिंतीवर लागलेलं बघायचं होतं, म्हणून ती भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा डबा घेऊन टेम्पोत पुढे बसली. अकादमीच्या फाटकातून आत शिरताना मी दादाकडे पाहिलं. तो जुन्या चादरीत गुंडाळलेल्या चित्राला पाठ लावून बसला होता आणि त्याचा चेहरा दुकानाच्या बंद शटरसारखा होता. माझाही तसाच असणार.

टेम्पोला मैदानाच्या पुढे परवानगी नव्हती. तिथून हॉलपर्यंत चित्र हातांनी न्यायचं होतं. पुढे दादा आणि टेम्पोवाला, मागे अण्णा आणि मी, आणि आमच्याही मागे डबा घेऊन आई. वारा होता. चादर फडफडत होती आणि चौकट हातात कापत होती. माझ्या डोळ्यांसमोर चित्राची मागची बाजू सोडून काही दिसत नव्हतं. मी अण्णांच्या पायांकडे बघून चालत होते. मैदान संपत आलं तेव्हा चित्र अचानक डावीकडे ओढलं जायला लागलं. आधी मला वाटलं वाऱ्यानं. मग कळलं, दादा वळतोय.

"अरे, सरळ चल ना!" अण्णा ओरडले. "समोर मोकळं आहे सगळं!"

दादा वळत राहिला, त्याच्या पाठोपाठ टेम्पोवाला शिव्या पुटपुटत वळला, बारा फुटांचं चित्र वळलं आणि त्याच्या शेपटीला आम्ही दोघं वळलो. पाच-सहा पावलांनी तो पुन्हा सरळ रेषेवर आला. तेव्हा मला माझ्या उजव्या हाताला तो दगड दिसला. काळा, गुळगुळीत, आमच्या पाट्यापेक्षा फार मोठा नव्हता. पाण्याचा पाइप ओढत दोन माळी त्याच्यावरून सरळ चालत गेले.

"थांबा तिथंच."

हॉलच्या पायऱ्यांवर ते सुभेदार उभे होते. ते खाली आले. चित्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दादाच्या समोर येऊन उभे राहिले, त्याच्या डोक्यावरचं फडकं, सदऱ्यावरचे डाग, सगळं त्यांनी बघून घेतलं.

"ह्या दगडावरनं माळी जातात, वायरमन जातात, पाव्हनेरावळे जातात," ते म्हणाले. "त्यांना कोन अडवत न्हाई, त्यांना ठावं बी नसतं. वळसा फकस्त कॅडेट घालतो. कोर्स कुठला?"

मला दादाची फक्त पाठ दिसत होती, तीही चौकटीच्या कडेनं.

"मी पास झालो नाही," तो म्हणाला.

"त्ये न्हाई इचारलं मी. कोर्स इचारला."

चौकटीची धार बोटांत रुतत होती आणि टेम्पोवाला आता काय म्हणून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. मग चित्राची पुढची बाजू बोटभर वर गेली, कारण दादा ताठ उभा राहिला होता, आणि सगळं वजन मागे आम्हा दोघांवर आलं. त्यानं कोर्स सांगितला, म्हणजे आपण कितव्या तुकडीचे ते. स्क्वाड्रन सांगितली. आपला नंबर सांगितला, आणि मग नाव, मध्ये अण्णांचं नाव घालून, आडनावासकट. शेडमध्ये हुकूम सोडायचा त्याच आवाजात, मोकळ्या मैदानात. पाइप ओढणारे माळी वळून बघायला लागले.

सुभेदारांनी मान हलवली. पाठीवर थाप मारली नाही, वाईट झालं म्हणाले नाहीत. त्यांनी टेम्पोवाल्याला बाजूला केलं आणि पुढचा दुसरा कोपरा स्वतः धरला. "चला," म्हणाले, "जिना अरुंद हाय. वळताना सांभाळा."

अण्णा माझ्या शेजारी चालत होते, एकही टोमणा न मारता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्या वर्षातलं ते पहिलं रडणं. मला इतकं बरं वाटलं की मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

वारा आईच्या बाजूनं आमच्याकडे वाहत होता. तिला मागे काही ऐकू आलं नव्हतं, फक्त दादा ताठ उभा राहिलेला दिसला होता. डबा सावरत, जवळजवळ धावत, ती माझ्या बाजूला आली.

"काय म्हनाला गं त्यो?"

मी तिला सांगितलं. कोर्स, स्क्वाड्रन, नंबर. तिला त्यातला एकही शब्द नीट कळला नसणार. ती माझ्याबरोबर पावलं टाकत राहिली, ओठ हलवत, ऐकलेलं मनाशी म्हणून बघत. नंबरपाशी अडखळली.

"परत सांग," ती म्हणाली. "कुनी इचारलं तर मला बरूबर सांगता आलं पायजे."

मी परत सांगितलं.